तिकिटावरची वेळ कशी वाचायची?

आमच्या गटांच्या बैठकीत हल्ली पासबुकांच्या जोडीला मोबाईलवरचं विमानाचं तिकीटही पुढे येतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतली माणसं दुबईला कामाला आहेत. तिकीट बघून बायका विचारतात, "पहाटे चारला निघालं नि पावणेसहाला पोचलं? दुबई एवढी जवळ आहे होय?"

तेवढी जवळ नाही. मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. रत्नागिरीहून मुंबई सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर, तरी एसटीत सात-आठ तास अंग आंबतं. विमान वर गेल्यावर तासाला ८०० ते ९०० किलोमीटर जातं. धावपट्टीपर्यंतचं रेंगाळणं, चढणं, उतरणं धरून दुबईला तीन-सव्वातीन तास लागतात. मग तिकिटावर पावणेदोन तासच का दिसतात? कारण निघायची वेळ मुंबईच्या घड्याळाची आणि पोचायची वेळ दुबईच्या घड्याळाची छापलेली असते. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. तिथे पावणेसहा वाजतात तेव्हा आपल्याकडे सव्वासात झालेले असतात.

हे माहीत नसलं की घरात काय होतं ते आम्ही पाहतो. सहा वाजून जातात, पोराचा फोन लागत नाही, आई चूल पेटवायची विसरते, शेजारपाजार गोळा होतो. त्या वेळी विमान अजून आकाशात असतं आणि त्याचा फोन बंद असतो. उतरल्यावरही पासपोर्टची रांग, सामानाची वाट बघणं असतंच. आपल्या साडेआठपर्यंत तरी जीव टांगणीला लावू नका.

येताना उलटं. दुबईहून रात्री दहाला सुटलेलं विमान मुंबईत अडीचच्या सुमाराला उतरतं, म्हणजे तारीख बदललेली असते. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, थंडीत जास्तच. ते पाठीशी असले की येताना थोडा वेळ वाचतो.

खरा घोटाळा मध्यरात्रीच्या तिकिटाचा. तिकिटावर १५ तारीख आणि ००:४० असं असेल, तर ती आपल्या बोलण्यातली चौदाची रात्र. पंधराला संध्याकाळी कोणी बॅग घेऊन गेला तर विमान कधीच गेलेलं असतं, आणि कर्ज काढून घेतलेल्या तिकिटाचे पैसेही बहुधा बुडतात. परदेशी विमानाला तीन तास आधी पोचावं लागतं, सामान घेणारी खिडकी साधारण तासभर आधी बंद होते. म्हणजे चौदाला रात्री साडेनऊला विमानतळावर असायचं, तर त्याच दिवशी सकाळीच घर सोडायला हवं. गणपतीत किंवा घाटात वाहतूक अडकली तर त्याहून आधी. गाडीवाल्याला नुसता आकडा सांगू नका, वार घालून सांगा, "मंगळवारी सकाळी दहाला दारात ये."