स्पंदकांचे सोबती



वसंत व्याख्यानमालेत ताऱ्यांचा विषय जाहीर झाला म्हणजे काही श्रोते पत्रिका खिशात घालून येतात, असा आमचा अनुभव आहे. त्यांची आज निराशा होणार. माणसांचे भविष्य आम्हांस सांगता येत नाही. आज आपण ताऱ्यांचेच वय आणि वजन पाहणार आहोत, आणि तेही ताऱ्याला न विचारता त्याच्या सोबत्याला विचारून.

सूर्याहून कितीतरी मोठा तारा स्फोट होऊन संपतो, तेव्हा कित्येकदा त्याचा गाभा मागे उरतो. हा गोळा अवघा वीस-पंचवीस किलोमीटर रुंद. म्हणजे बैलगाडीने एका दिवसात ओलांडावा एवढा, परंतु वजनाने सूर्याहून भारी. तो भिंगरीसारखा फिरतो आणि त्याच्या रेडिओलहरींचा झोत फेरीगणिक आपल्यावरून जातो. १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल या विद्यार्थिनीस असे ठोके प्रथम सापडले. यांनाच पल्सर किंवा स्पंदक म्हणतात. आपल्याकडे नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण याच लहरी टिपते.

स्पंदकाची फिरकी हळूहळू मंदावते. ती किती मंदावली यावरून त्याचे वय काढण्याची रीत आहे. एकट्या स्पंदकाच्या बाबतीत ती बरी चालते. परंतु ज्याला जोडीदार तारा आहे त्याचे काय? जोडीदार म्हातारपणी फुगतो, त्याचे द्रव्य स्पंदकावर ओघळते आणि त्या माऱ्याने थकलेली भिंगरी पुन्हा जोरात फिरू लागते. मध्येच किल्ली दिलेल्या घड्याळावरून ते कधी बनले हे कसे सांगणार?

इथे एक मोठा वाद अडून बसला होता. स्पंदकाचे चुंबकत्व काही दशलक्ष वर्षांत आपोआप विरून जाते, असे पुष्कळ शास्त्रज्ञ धरून चालले होते. ते पारखण्यासाठी भरवशाचे वय हवे, आणि भिंगरीचे वय तर भरवशाचे नाही. मग साक्षीदार कोण?

तो १९८६ साली पुढे आणला श्रीनिवास कुलकर्णी यांनी. हे कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचे, जन्म १९५६ चा. बालपण हुबळीस गेले, पुढे दिल्लीच्या आय.आय.टी.तून अमेरिकेस गेले. सेकंदास ६४२ फेऱ्या घेणारा पहिला मिलिसेकंद स्पंदक १९८२ साली ज्यांनी शोधला, त्या मंडळींत ते होते. ०६५५+६४ या क्रमांकाचा एक स्पंदक सेकंदाला सुमारे ५ फेऱ्या घेतो आणि आपल्या जोडीदारासह एका दिवसाहून किंचित अधिक काळात एक प्रदक्षिणा पुरी करतो. रेडिओच्या कानाला जोडीदार आहे एवढे कळत होते. तो कसा आहे हे कळत नव्हते. कुलकर्णींनी त्या जागी प्रकाशाच्या दुर्बिणीने पाहिले. तिथे, डोळ्यांना दिसणाऱ्या अगदी मंद ताऱ्याहूनही लाखो पटींनी मंद असा एक ठिपका होता. तो श्वेतबटू निघाला, आणि तोही निवालेला.

या ‘निवालेला’ शब्दात सारी गंमत आहे. या भागात हळद शिजविण्याच्या कढया आपण पाहिल्या आहेत. चुलीखालचा जाळ काढला की कढईला नवी ऊब मिळत नाही; ती फक्त निवत जाते. सकाळी हात लावून जाणता माणूस सांगतो, जाळ कधी काढला ते. श्वेतबटूचेही तसेच. त्याचे इंधन संपलेले असते, तो केवळ निवतो, आणि रंगावरून त्याची उष्णता कळते. ०६५५+६४ चा सोबती शंभर कोटी वर्षांहून अधिक काळ निवत आहे, असा हिशेब निघाला. स्पंदक त्याच्याही आधी जन्मलेला. चुंबकत्व काही दशलक्ष वर्षांत विरते हे खरे असते, तर एव्हाना त्याचा लवलेशही उरता ना. परंतु ते नव्या स्पंदकांच्या शंभराव्या हिश्श्याइतके का होईना, शिल्लक आहे. केवळ काळ लोटल्याने चुंबकत्व मरत नाही, हे त्या ठिपक्याने सांगितले. सोबत्याकडून आलेल्या द्रव्याखाली ते दबत असावे, हे मत पुढे बळावले.

आता वजनाचा प्रश्न. बाजारच्या गावी तो अधिक पटेल. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात तेव्हा जड तारा कमी हलतो, हलका जास्त. स्पंदकाचा वेग रेडिओच्या ठोक्यांवरून कळतो, सोबत्याचा त्याच्या वर्णपटातील रेषा सरकण्यावरून. दोन वेगांचा काटा धरला की वजनांचे प्रमाण मिळते.

१९८८ साली एक विलक्षण जोडी सापडली, १९५७+२०. इथला स्पंदक आपल्या सोबत्याला किरणांनी भाजून झिजवीत आहे. म्हणून नराला खाणाऱ्या कोळिणीवरून त्याचे नाव ‘ब्लॅक विडो’. सोबती उरला आहे सूर्याच्या शेकडा दोन-तीन हिस्से. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच साली हा सोबतीही प्रकाशात हेरला. २०११ साली व्हॅन कर्कविक, ब्रेटन आणि कुलकर्णी यांनी त्याचा वेग मोजून स्पंदकाचे वजन काढले: सूर्याच्या २.४ पट! एवढा भारी न्यूट्रॉन तारा तोवर कोणास ठाऊक नव्हता.

पण काट्यात एक खोच होती. खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरते. खळ्याच्या काठी बसलेल्यास बैल पूर्ण वेगाने जवळ येताना व दूर जाताना दिसतात. माळ्यावरून तिरपे पाहणाऱ्यास तो वेग कमी भासतो, आणि खरा वेग काढायला वर काही मिळवावे लागते. २०११ च्या हिशेबात आपण तिरपे पाहतो आहोत असे धरले होते. २०२३ साली फर्मी उपग्रहाच्या नोंदींतून दिसले की, स्पंदकाचे गॅमाकिरण दर फेरीत सोबत्याच्या आड जातात. म्हणजे आपण खळ्याच्या काठीच बसलो आहोत! मिळवणी काढून टाकली आणि वजन सुमारे १.८ पटीवर उतरले.

हा आकड्यांचा खेळ दूरच्या लोकांचा, असे औंढा तालुक्यात तरी कोणी म्हणू नये. आपल्याच तालुक्यात, ४ किलोमीटरच्या दोन भुजांच्या ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेस केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे आदळल्याची लहर परदेशी वेधशाळांनी टिपली. अशा धडकेतून जड तारा उरतो की कृष्णविवर होते, हे न्यूट्रॉन तारा जास्तीत जास्त किती भार पेलतो यावर ठरते. ती मर्यादा आज या मंद सोबत्यांच्या प्रकाशातूनही शोधली जात आहे. २०२२ साली जे०९५२−०६०७ या दुसऱ्या ‘ब्लॅक विडो’चे वजन २.३५ पट निघाले आहे. तिथेही आपण किती तिरपे पाहतो हे सोबत्याच्या उजेडाच्या चढउतारावरूनच ठरविले आहे. आड जाणारे गॅमाकिरण त्या जोडीत दिसलेले नाहीत.