वेणीचा स्वेटर

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आम्ही तेव्हा निफाडला राहत होतो. निफाडची थंडी तुम्हाला बातम्यांतून ठाऊक असेलच. नातू चार वर्षांचा. म्हटलं, यंदा दुकानातला नको, आपल्या हातचा स्वेटर घालू त्याला. आणि साधाही नको, पुढे तीन वेण्या असलेला करू. महिनाभर दुपारची झोप सोडून विणला. संक्रांतीच्या सकाळी अंगात चढवायला गेले, तर डोकं गळ्यातच अडकलं. ओढून-ताणून बाहेर काढलं, तर स्वेटर छातीवर असा ताणला की वेण्या पार सपाट झाल्या. नातू म्हणाला, "आजी, हा टोचतोय." सूनबाई काहीच बोलली नाही. तेच जास्त लागलं.

माप घेतलं नव्हतं असं नाही. छाती 22 इंच, त्यात 2 इंच सैल, म्हणजे 24. पुढचा भाग 12 इंच रुंद. मध्यम जाडीची लोकर, ज्याला दुकानदार डबल निटिंग म्हणतात ती, 8 नंबरच्या सुयांवर विणली की इंचाला साधारण साडेपाच टाके बसतात. बारा साडेपाचे सहासष्ट. मी 66 टाके घातले. हिशेब बरोबर होता, पण तो साध्या सुलट विणीचा होता. वेणी रुंदी खाते, हे मी धरलंच नव्हतं.

का खाते, ते तुमच्या लगेच लक्षात येईल. मुलीचे केस मोकळे सोडले तर पाठभर पसरतात. वेणी घातली की बोटभर जागेत मावतात. इथेही तेच. सहा टाक्यांची वेणी घ्या. विणता विणता वेणीपाशी आलात की पहिले तीन टाके न विणता एका तिसऱ्या, आखूड सुईवर उतरवायचे आणि ती सुई पुढे लोंबती ठेवायची. मग डाव्या सुईवरचे पुढचे तीन टाके आधी विणायचे आणि नंतर बाजूला ठेवलेले तीन. एवढंच. ज्यांचा नंबर आधी होता त्यांना घटकाभर थांबवलं आणि मागच्यांना पुढे जाऊ दिलं, की पीळ पडला. तिसरी सुई पुढे धरली तर पीळ डावीकडे झुकतो, मागे धरली तर उजवीकडे. मग सात ओळी साध्या विणायच्या आणि आठव्या ओळीला पुन्हा पीळ. वेणीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन टाके उलट ठेवायचे. ते आत दबतात म्हणून वेणी उठून दिसते. तिसरी सुई नसली तर केसांतला आकडा चालतो. मी कित्येक वेण्या आकड्यावर काढल्या आहेत.

आपण हिला वेणी म्हणतो, पण आहे तो दोन पेडांचा दोर. इंग्रजीतही हिचं नाव केबल, म्हणजे जहाजाचा जाड दोरखंड. ज्या स्वेटरमुळे ही वीण जगभर माहीत झाली तो आयर्लंडच्या पश्चिमेच्या, गॉलवे उपसागराच्या तोंडाशी असलेल्या अरन बेटांचा. तीन लहान, खडकाळ बेटं. न रंगवलेली, सायीच्या रंगाची लोकर आणि पुढे-मागे वेण्याच वेण्या. या स्वेटरबद्दल एक गोष्ट सांगतात की प्रत्येक घराण्याची वेणी वेगळी असे, आणि समुद्रात बुडालेला कोळी त्याच्या स्वेटरच्या विणीवरून ओळखू येई. ऐकायला काळजाला भिडते, पण खरी नाही. जॉन सिंग या नाटककाराच्या 1904 सालच्या 'रायडर्स टू द सी' या नाटकात एक बहीण बुडालेल्या भावाला ओळखते, ती मोज्यावरून. साधा मोजा, तिनेच विणलेला, म्हणून त्याचे टाके तिला पाठ असतात. पुढे त्या मोज्याचा स्वेटर झाला आणि टाक्यांच्या वेण्या झाल्या. आज आपण ओळखतो तो अरन स्वेटर विसाव्या शतकातच घडला, आणि बायकांना त्यातून चार पैसेही मिळू लागले. 1960 च्या सुमारास क्लॅन्सी ब्रदर्स हे आयरिश गायक अमेरिकेत असेच स्वेटर घालून गाऊ लागले आणि मागणी वाढली. न्यूयॉर्कच्या थंडीत पोरं गारठतील म्हणून ते स्वेटर त्यांच्या आईने धाडले होते.

घराण्याच्या वेणीपेक्षा मला सिंगच्या नाटकातली बहीण जास्त खरी वाटते. आपण घातलेला टाका आपल्याला ओळखू येतो. चुकलेला तर हमखास.

तर माझ्या चुकलेल्या स्वेटरचं काय झालं? उसवला. कापड कापलं की संपलं. विणकामात तसं नसतं. टोक सापडलं की सगळा स्वेटर सरसर पुन्हा लोकर होतो. ही लोकर नागमोडी झालेली असते. तिची लडी करून चार जागी सैल बांधायची, कोमट पाण्यात भिजवून दांडीवर टांगायची आणि खाली हलकं वजन अडकवायचं. वाळली की बरीच सरळ होते. त्या लोकरीचं मी स्वतःसाठी बिनबाह्यांचं जाकीट केलं, कारण नातवाची तक्रार खरी होती. स्वस्त मिळाली म्हणून जाडीभरडी लोकर आणली होती मी. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घ्या. घोंगडीला तिच्यासारखी दुसरी नाही. चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी वर्षानुवर्षं टिकते, पण तो जाड तंतू लेकराच्या मानेला टोचणारच. मुलासाठी लोकर निवडताना ती हाताला लावून पाहू नका, स्वतःच्या मानेला लावून पाहा. आणि एक गुंडा जास्तीचा घ्या, एकाच लॉटचा. वेणीला लोकर जास्त लागते, आणि दुसऱ्या लॉटची छटा हटकून वेगळी निघते.

दुसऱ्या खेपेला मी काय केलं, ते सांगते. खालची बॉर्डर 10 नंबरच्या, म्हणजे बारीक सुयांवर, 66 टाक्यांचीच, दोन सुलट दोन उलट. बॉर्डरच्या शेवटच्या ओळीत, जिथे वेण्या यायच्या त्या तीन जागी दोन-दोन टाके वाढवले. झाले 72. मग 8 नंबरच्या सुया. कडेला चौदा-चौदा टाके सुलट, दोन वेण्यांच्या मध्ये सात-सात सुलट, आणि तीन वेण्या आपापल्या उलट टाक्यांसह दहा-दहा. उजवीकडची वेणी डावीकडे पिळली, डावीकडची उजवीकडे, म्हणजे त्या समोरासमोर दिसतात. पाठ साधी, 66 टाक्यांची. पिळाची ओळ चुकू नये म्हणून नातवाच्या पाटीवर रेघा मारत गेले.

गळ्याचंही शहाणपण आलं होतं. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. म्हणून डाव्या खांद्याची शिवण उघडी ठेवून तिथे तीन बटणं लावली आणि गळ्याचे टाके जाड सुईने सैल बंद केले. बाही मनगटापासून वर न विणता खांद्याचे टाके उचलून खाली विणत आणली. पुढच्या वर्षी हात लांब झाला, तेव्हा मनगटाची पट्टी उसवली, दोन इंच वाढवली आणि पुन्हा बंद केली. त्या स्वेटरने तीन हिवाळे काढले. मग तो धाकट्या नातीला आला.

धुताना मात्र थंड पाणी आणि रिठा. गरम पाण्यात घासलात तर लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून स्वेटर आटतो, आणि आटलेला स्वेटर उसवताही येत नाही. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सपाट वाळत घाला.

बहात्तर हा आकडा मात्र माझा आहे, तो तसाच उचलू नका. कुणाचा हात घट्ट असतो, कुणाचा सैल. सुईवर पहिला टाका घालण्याआधी त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर, एक वेणी असलेला चार-पाच इंचांचा तुकडा विणा. पट्टी लावून मोजा, आणि मगच टाके ठरवा. त्या तुकड्याला एक दुपार लागते. मी ती वाचवली होती, आणि त्यापायी अख्खा महिना उसवला.