जालन्याचे ड्रायपोर्ट आणि मनमाडची आठवण



जालन्याला समुद्र नाही. परंतु समुद्रापासूनच्या अंतराची किंमत जालना आजवर मोजत आला आहे. निजामाच्या राज्याला स्वतःचा किनारा नव्हता. १९०० च्या सुमारास त्या राज्याने मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणीमार्गे हैदराबादकडे लोहमार्ग घातला, तो मीटर गेजचा. मनमाडहून मुंबईला जाणारा मार्ग मात्र ब्रॉड गेजचा होता. परिणामी मुंबईकडे निघालेली मराठवाड्यातील कापसाची गाठ मनमाडला एका वाघिणीतून उतरवून दुसऱ्या वाघिणीत चढवावी लागे. वेळ जाई, हमाली वाढे, नासधूस होई. आणि हा सारा बोजा अखेर शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावातून वजा होई. १९७० च्या दशकातील मराठवाडा विकास आंदोलनाने ब्रॉड गेजची मागणी लावून धरली, तिचे आर्थिक मर्म हे होते. ती पुरी होण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले.

आज रूळ एका मापाचे झाले आहेत. तथापि मनमाड संपले आहे काय?

डिसेंबर २०१५ मध्ये जालन्याजवळ दरेगाव परिसरात जवाहरलाल नेहरू बंदराच्या ड्रायपोर्टची पायाभरणी झाली. कल्पना उत्तम आहे. सीमाशुल्काची तपासणी जालन्यातच व्हावी, कंटेनरला येथेच सील लागावे, आणि तो आगगाडीने सुमारे चारशे किलोमीटरवरील धक्क्यावर जाऊन थेट जहाजात चढावा. पुढे २०२२ साली हीच जागा बहुविध वाहतूक केंद्र म्हणून विकसित करण्याचा करार बंदर आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची उपकंपनी यांच्यात झाला. पायाभरणीपासून या करारापर्यंतच सहा वर्षांहून अधिक काळ लोटला.

हा विलंब कोणा एका अधिकाऱ्याच्या आळसाचा भाग मानणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. बंदर एका मंत्रालयाकडे, लोहमार्ग दुसऱ्याकडे, महामार्ग तिसऱ्याकडे आणि समृद्धी महामार्ग राज्याच्या महामंडळाकडे आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. तो भिवंडीजवळ आमणे येथे संपतो, बंदराच्या दारात नव्हे. जालन्यावरून जाणाऱ्या एकेरी लोहमार्गाच्या छत्रपती संभाजीनगर–परभणी या १७७ किलोमीटरच्या टप्प्याच्या दुहेरीकरणाला केंद्राची मंजुरी मिळाली ती जुलै २०२५ मध्ये. ज्या मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी मालगाडी ताटकळत ठेवावी लागते, त्या मार्गावर जहाजाची वेळ कशी गाठणार? रुळांच्या दोन मापांची जागा आता कार्यालयांच्या अनेक मापांनी घेतली आहे. मनमाड कागदावर सरकले आहे, इतकेच.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. जालन्याच्या पोलाद कारखान्यांना परदेशातून येणारे भंगार लागते. ते आणणारा कंटेनर परतताना रिकामा गेला, तर त्या रिकाम्या फेरीचा खर्चही कोणाच्या तरी माथी पडतोच. येथून कापूस, बियाणे, पोलादी माल बाहेर जाऊ शकतो. मोसंबीसाठी शीतकंटेनर मिळू शकतो. परंतु रिकामे कंटेनर कोठे ठेवावेत, कोणत्या बंदराने ते केव्हा मागवावेत, हे सामाईक व्यवस्थेशिवाय ठरत नाही. म्हणूनच बंदरांमधील सहकार्य हा किनाऱ्यावरील लोकांपुरता विषय नाही. जालन्याचा रूळ पश्चिमेला मुंबईकडे जातो, तसाच पूर्वेला सिकंदराबादमार्गे पूर्व किनाऱ्याकडेही जातो. ड्रायपोर्ट एकाच बंदराचे अंगण बनले, तर माल पाठविणारा त्या बंदराच्या दरांचा बंदिवान होईल. ते सर्व बंदरांना समान अटींवर खुले राहिले, तरच त्याच्या हाती निवड राहील.

हे अशक्य नाही. कोपनहेगन आणि माल्मो ही दोन देशांतील बंदरे २००१ मध्ये एका संस्थेखाली आली. अँटवर्प आणि ब्रूज ही बंदरे २०२२ मध्ये एक झाली. आपल्याकडेही २०२४ साली मंजूर झालेल्या वाढवण बंदरात जवाहरलाल नेहरू बंदराचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के आहे. सार्वजनिक संस्था भागीदारी करू शकतात, हे यावरून दिसते. मात्र त्याच वाढवणला मच्छीमारांनी वर्षानुवर्षे विरोध केला आहे. जालन्याचा माल स्वस्तात जावा म्हणून डहाणूच्या कोळ्याची चूल विझावी, असा हिशेब मराठवाड्याने मांडता कामा नये. ज्याने मनमाडचा भुर्दंड सोसला, त्याला दुसऱ्याचे नुकसान समजले पाहिजे.

मग मागणी कोणती असावी? पहिली, ड्रायपोर्टच्या कारभारात बंदर, रेल्वे आणि राज्य यांच्याबरोबर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था, लहान उद्योजक आणि कामगार यांना जागा हवी; आणि दर जाहीर असावेत. दुसरी, ज्याच्याकडे पूर्ण कंटेनर भरेल इतका माल नाही, त्याचा माल इतरांच्या मालासोबत एकत्र करून पाठविण्याची सोय सार्वजनिक असावी. अन्यथा दलाल ती करील आणि नफाही तोच घेईल. तिसरी, तेथे चढउतार करणाऱ्या हमालांना १९६९ च्या माथाडी कायद्याचे संरक्षण पहिल्या दिवसापासून मिळावे. कंटेनरने मुंबईच्या गोदीतील हजारो हातांचे काम हिरावले; जालन्यात निर्माण होणारे काम तरी कंत्राटदाराच्या मर्जीवर सोडू नये.

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण जुनी आहे. पाळणा कोणाच्या हाताने हलतो, आणि सोने कोणाच्या घरी जाते, हे मात्र म्हण सांगत नाही. ते ठरविण्याचे काम जालनेकरांचे आहे, आणि सिमेंट वाळण्याआधीच ते करावयास हवे.