पदव्या आणि त्यांचे अर्थ
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामांतील मुलें आतां बी.ए., बी.कॉम. होऊन थांबत नाहींत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु पुढील शिक्षणासाठीं बाप जमिनीचा तुकडा विकतो, आई अंगावरचें सोनें गहाण ठेवते, आणि येणाऱ्या पदवीनें कोणता अधिकार मिळणार हें घरांत कोणासच ठाऊक नसतें. म्हणून त्याविषयीं आज चार शब्द बोलतों.

अमुक मनुष्यास अमुक विषय येतो, ही एक गोष्ट. त्यास अमुक धंदा करण्याची मोकळीक आहे, ही दुसरी. पहिली विद्यापीठ सांगतें. दुसरी बहुधा निराळीच संस्था. (आम्हां धर्मगुरूंच्या विद्येंत 'लायसेन्शिएट' नांवाची पदवी आहे, त्या शब्दाचा मूळ अर्थच परवानगी.) डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें उदाहरण घ्या. कोलंबिया विद्यापीठाची १९१५ ची एम.ए. ही अध्ययनाची पदवी. लंडनची १९२३ ची डी.एस्सी. आणि कोलंबियाची १९२७ ची पीएच.डी. ह्या संशोधनाच्या. पण एवढ्या विद्वत्तेनेंही वकिली करतां येत नाहीं. त्यासाठीं ते ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, आणि ती विद्यापीठाची पदवीच नव्हे. १९५२ सालीं कोलंबियानें दिलेली एलएल.डी. केवळ सन्मानाची, तिला परीक्षा नसते.

आजही एलएल.बी. झालेल्या तरुणास १९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्याप्रमाणें राज्याच्या बार कौन्सिलांत नांव नोंदवावें लागतें, व अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावें लागतें. चार्टर्ड अकाउंटंट तर पदवीधर म्हणून नव्हे, आपल्या संस्थेचा सभासद म्हणून हिशेब तपासतो.

अक्षरें तींच असून देश बदलला कीं अर्थ बदलतो, हें विशेष ध्यानांत घ्यावें. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें एम.डी. झाल्या, अमेरिकेंत वैद्यकाची ती पहिलीच पदवी. आपल्याकडे मात्र एम.बी.बी.एस. नंतर आणखी तीन वर्षें शिकल्यावर एम.डी. होतां येतें. जॉर्जिया किंवा फिलिपाइन्सहून मुलगा 'एम.डी.' होऊन आला, तर तो तज्ज्ञ झाला असें समजूं नये. ती पदवी आपल्या एम.बी.बी.एस.च्या पायरीची, आणि येथें रोगी तपासण्यापूर्वीं त्यास चाळणी परीक्षा द्यावी लागते. कर्ज काढण्याआधीं हें दलालानें सांगावयास हवें. तो सांगत नाहीं.

व्यवस्थापनशास्त्राची पदविका ही पदवी नव्हे, तरी तिला हिणवूं नये. २०१७ चा कायदा होईपर्यंत आय.आय.एम. संस्थाही पदविकाच देत असत. पदवी देण्याचा अधिकार कोणास, हें विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यांतील २२ व्या कलमांत आहे, आणि बनावट विद्यापीठांची यादी आयोग स्वतः प्रसिद्ध करतो.

प्रवेशाचे दिवस जवळ आले आहेत. ज्यांच्या घरीं एखाद्या संस्थेचें माहितीपत्रक आलें असेल, त्यांनीं पैसे भरण्यापूर्वीं तें घेऊन रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर माझ्याकडे यावें. आपण तें मिळून वाचूं.