नोकरीची नोंद आणि तिचे नवे साधन

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात नांदेड येथे केलेले भाषण)



संगणकाविषयी बोलण्यासाठी आपण एका निवृत्त प्राथमिक शिक्षकास उभे केले, ह्याचे तरुण मंडळींना हसू येत असेल. मी जुना मॅट्रिक. संगणक हाती धरला तो निवृत्तीनंतर. परंतु कार्यकारिणीने गतवर्षी मजवर एक काम सोपविले. आपली मुले नोकरीच्या अर्जास जो बायोडाटा जोडतात, त्यात मागील नोकऱ्यांचा तपशील भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावरून कसा उतरवून घ्यावा, ह्याची मराठी माहितीपत्रिका मी लिहावी, असे ते काम. पत्रिका तयार आहे. ती लिहिताना जे ध्यानात आले, तेवढेच आज निवेदन करतो.

आमच्या वडिलांची शिक्षक म्हणून नेमणूक निजामी राजवटीतील. हुकूम उर्दूत, साल १३५४ फसली. पुढे १९४८ साली निजामाची सत्ता संपली, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. राज्ये बदलली, वडिलांची छडी आणि खडू तेच राहिले. निवृत्तीच्या वेळी मात्र तो हुकूम वाचून दाखविणारा आणि फसली सालात महिना पाहून ५९० किंवा ५९१ मिळवून इसवी सन काढून देणारा मनुष्य शोधण्यात कित्येक महिने गेले. माझी स्वतःची नोकरी १९७९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात लागली. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा निराळा झाला आणि जागेवरून न हलता माझा जिल्हा बदलला. आता तर उस्मानाबादही धाराशिव झाले आहे. निवृत्तीच्या वर्षी कळले की सेवापुस्तकात एका सालाच्या सेवा-पडताळणीची सही राहून गेली आहे. दोष मी कोणास देत नाही. ३९ वर्षांत ते पुस्तक मी एकदाही उघडून पाहिले नव्हते.

कंपनीत वा कारखान्यात काम करणाऱ्यास असे सेवापुस्तक नसते. त्याची नोंद राहते ती भविष्य निर्वाह निधीत. सामान्यतः २० वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांस तो आज लागू आहे. २०१४ पासून सभासदास १२ अंकी सार्वत्रिक खाते क्रमांक मिळू लागला. मुले त्यास यूएएन म्हणतात. नोकरी बदलली की नव्या मालकाकडील सभासद क्रमांक निराळा पडतो, पण हे १२ अंक तेच राहतात. त्या क्रमांकाने संकेतस्थळावर प्रवेश करून ‘सर्व्हिस हिस्टरी’ हे पान उघडले, की मालकाचे नाव, रुजू झाल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख ओळीने दिसतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात घरांबरोबर कागदही गाडले गेले, हे ज्यांनी पाहिले त्यांस ह्या सोयीचे मोल सांगावयास नको. उतरवून घेण्याची कृती पत्रिकेत चार पायऱ्यांत दिली आहे; ती शिकण्यास पाव तास पुरे.

पहिल्या मसुद्यात मी एवढेच लिहिले होते. कोठे दाबावे, काय दिसेल, ते बायोडाट्यात कसे घ्यावे. मसुदा छापखान्यात जाण्यापूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो चाकणला मोटारींच्या एका कारखान्यात तीन वर्षे कामास होता. बायोडाट्यात त्याने कारखान्याचे नाव लिहिले. नव्या ठिकाणी पडताळणी झाली, तेव्हा नोंदीत त्या कारखान्याचे नाव कोठेच नव्हते. दोन ठेकेदारांची नावे होती. शिवाय पहिल्या ठेकेदाराने सोडल्याची तारीख भरलीच नव्हती. त्यामुळे एकच मुलगा एकाच काळी दोन ठिकाणी नोकरीस, असे दिसत होते. तोंडावर त्यास कोणी लबाड म्हटले नाही; पुन्हा बोलावणेही आले नाही. “गुरुजी, तीन वर्षं राबलो, अन् कागदावर मी तिथं नव्हतोच की,” असे तो म्हणाला.

मुलगा खरे सांगत होता, आणि नोंदही तिच्या परीने खोटी नव्हती. मालकाने जे भरले तेच हे साधन दाखविते. मनुष्याने कोठे घाम गाळला हे त्यास ठाऊक नसते. मी मसुदा फाडला. आता पत्रिकेचे पहिले पान, साधन काय करीत नाही, ह्याविषयीच आहे. ‘अमुक ठेकेदारामार्फत, अमुक कारखान्यात’ अशी दोन्ही नावे लिहावीत. सोडल्याची तारीख नसेल तर प्रथम मालकाकडे मागावी. न मिळाल्यास शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने लोटल्यावर सभासदास ती स्वतः भरता येते, मात्र ती त्या शेवटच्या वर्गणीच्या महिन्यातीलच असावी लागते. एकदा भरलेली तारीख सहजासहजी बदलत नाही, म्हणून पगाराची चिठ्ठी समोर ठेवूनच भरावी. हा प्रश्न केवळ पुढील नोकरीचा नाही. ह्या योजनेतील निवृत्तिवेतनास १० वर्षांची सेवा लागते, आणि ती ह्याच नोंदींवरून मोजली जाते.

मुलगा सहा महिने घरी होता हे दिसू नये, म्हणून तारखा लांबविण्याचा सल्ला देणारे काही वडीलधारेही आपल्यात आहेत. ते समोरच बसले असतील. त्यांनी रागावू नये. त्या सहा महिन्यांत मुलगा बहुधा बापाच्या शेतात सोयाबीन काढीत होता, मग तसेच लिहावे.

पत्रिकेच्या शेवटी मी अर्धे पान कोरे ठेवले आहे. लातूरच्या आडतीवर मुनिमाच्या हाताखाली काढलेली दोन वर्षे, घरोघरचे शिवणकाम, काकांचे किराणा दुकान सांभाळलेले दिवस, ह्यांची नोंद कोणत्याही संकेतस्थळावर नाही. ती ज्याने त्याने, आणि आपल्या भगिनींनी विशेषेकरून, तेथे आपल्या हाताने करावी. छापणाऱ्याने मला विचारले, “जागा फुकट जाते, जाहिरात घालू का?” मी नको म्हटले.