फिरत्या एजंटांचे सुटे भाग



आज मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. एका यंत्रावरचे काम आटोपून आपणहून पुढच्या यंत्रावर जाणारे सॉफ्टवेअर एजंट सुट्या, पुन्हा वापरता येतील अशा भागांतून बांधायचे असतील, तर त्या भागांकडून आपण काय मागावे?

सॉफ्टवेअरचे तयार भाग मिळावेत, ही मागणी डग्लस मॅकइलरॉय यांनी १९६८ साली जर्मनीतील गार्मिशच्या परिषदेत केली. फिरते एजंट आले १९९० च्या दशकात. जनरल मॅजिक या कंपनीने त्यांच्यासाठी टेलिस्क्रिप्ट ही भाषा आणली. आयबीएमच्या टोकियो प्रयोगशाळेत डॅनी लँग आणि मित्सुरू ओशिमा यांनी जावामध्ये ॲग्लेट्स नावाचे फिरते एजंट उभे केले. ढीगभर डेटा नेटवर्कवरून ओढून आणण्यापेक्षा लहानसा प्रोग्रामच डेटाकडे धाडावा, मधे जोडणी तुटली तरी त्याचे काम चालू राहावे, हा त्यामागचा विचार. तो मला आजही पटतो.

ॲग्लेट्सपुढे एक अडचण होती. जावात चालू प्रोग्रामचा स्टॅक उचलून दुसरीकडे नेता येत नव्हता. ऑब्जेक्टमधली माहिती तेवढी सिरियलाइझ होऊन जायची आणि पोचल्यावर एजंट ठरलेल्या मेथडपासून नव्याने सुरू व्हायचा. त्यामुळे पुढचा मुक्काम कुठला आणि तिथे काय करायचे, हे आधीच स्पष्ट मांडून ठेवावे लागे. या अडचणीतूनच चांगली शिस्त आली. प्रवासाचा आराखडा कामापासून वेगळा काढला गेला. १९९८ साली यारिव आरिडोर आणि लँग यांनी एजंटांच्या अशा रचनांची प्रवास, काम आणि परस्परसंवाद अशी वर्गवारी केली. मुक्कामांची यादी सांभाळणारा, एखादे यंत्र बंद असेल तर काय करायचे ते ठरवणारा भाग एकदा नीट लिहिला, की किमती गोळा करणाऱ्या एजंटालाही तो चालतो आणि सर्व्हर तपासणाऱ्यालाही.

मात्र भाग उचलताना त्याची गृहीतकेही सोबत येतात. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हा अग्निबाण उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतले सॉफ्टवेअर एरियान ४ वरून घेतलेले होते. नव्या बाणाचा आडवा वेग जास्त होता. त्याच्याशी निगडित ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही. जुन्या बाणावर तोच कोड बिनचूक चालत होता! फिरत्या एजंटाला तर प्रत्येक मुक्कामी नवे वातावरण भेटते.

सुरक्षेचा प्रश्न याहून अवघड. आलेल्या एजंटापासून यजमान यंत्राला वाचवण्यासाठी सँडबॉक्स आहे; पण यजमानच अप्रामाणिक असेल तर एजंटाची स्मृती तो वाचू शकतो, बदलू शकतो. फिरते एजंट फारसे रुजले नाहीत, त्याचे मोठे कारण माझ्या मते हेच. धोका आपणच जोडलेल्या सुट्या भागातूनही येतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या साध्या नोंदी ठेवणाऱ्या घटकातला दोष उघड झाला. नोंदीत विशिष्ट मजकूर आला, की तो घटक बाहेरच्या सर्व्हरवरून कोड आणून चालवू शकत होता. असंख्य संस्थांनी तो वापरला होता. तो हेही करू शकतो, याची त्यांतल्या बहुतेकांना कल्पना नसावी.

आता भाषा-मॉडेलांवर चालणारे एजंट आपण घाईने जोडतो आहोत आणि त्यांच्या हाती तयार साधने देतो आहोत. म्हणून माझी मागणी आहे: प्रत्येक घटकासोबत त्याची गृहीतके, त्याला लागणाऱ्या परवानग्या, बाहेर तो कुणाशी बोलतो आणि अर्ध्यावर अडला तर काय करतो, हे लिहिलेले असावे, शक्य तिथे ते यंत्राकडून तपासले जावे. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्राध्यापकांनी अंतिम वर्षाच्या प्रकल्पात या लेखनाला गुण द्यावेत. कंपन्यांच्या प्रमुखांनी त्यासाठी वेळापत्रकात दिवस राखावेत. आणि इथे बसलेल्या तरुण अभियंत्यांनो, हे लिहिलेले नसेल तो घटक तुमच्या एजंटात घेऊ नका.