तबकडीवरची हजेरी



कामगार चळवळीतल्या माणसाने गाण्यावर बोलावे याचे काहींना नवल वाटले असेल. रागदारीवर मी बोलणार नाही. तो माझा अधिकार नव्हे. जुन्या तबकड्या साफसूफ करून नव्याने विकल्या जातात, त्या व्यवहारावर बोलणार आहे. आणि व्यवहार म्हटला की हजेरी आली, मजुरीही आली.

आपल्याला उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. कृष्णा ओलांडली की मिरज. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली वारले. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांची ‘पिया बिन’ची तबकडी ऐकून भीमसेन जोशींना लहानपणी गाण्याचे वेड लागले, हे सर्वश्रुत आहे. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तेवढ्यात माणसाचे आयुष्य पालटले!

अशा लाखेच्या तबकडीवर सुई चालली की खरखर येते. हल्ली ती यंत्राने काढतात. पण यंत्राला खरखर आणि गाणे यांतला भेद आपोआप कळत नाही. जो आवाज अखंड, एकसारखा चालतो त्याला ते खरखर समजते. आता गायकाच्या मागे अखंड, एकसारखे काय चालते? तंबोरा! हात जरा जड पडला की खरखरीबरोबर तंबोऱ्याची जवारीही जाते. उरतो तो आवाज स्वच्छ असतो खरा, पण पांढऱ्या भिंतीपुढे एकटाच उभा केल्यासारखा. मिरजेच्या कारागिराने घोडी घासून घासून जी जवारी काढली, तीच कचरा ठरते. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तबकडीतून मात्र त्याच तंबोऱ्याला हाकलायचे, हा न्याय मला उमगत नाही. थोडी खरखर राहिली तर राहू द्यावी. गिरणीत काम केलेल्या माणसाला विचारा, खडखडाटातूनही हाक ऐकू येते.

तंबोरा गेला तर तो निदान जुन्या तबकडीवरून पुन्हा काढता येईल. नावांचे तसे नाही.

अगदी पहिल्या तबकड्या, १९०२ च्या सुमाराच्या, छापण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना गाणारे कोण हे कळावे म्हणून गौहरजानसारख्या गायिका शेवटी आपले नाव मोठ्याने सांगत. गायकाचे नाव असे तबकडीतच कोरले गेले. तबलजी, सारंगिये, पेटीवाले यांना कोणी नाव सांगायला लावले नाही. लेबलावरही ते बहुधा नसे. ज्या हजेरीपुस्तकात मुकादमाचेच नाव आहे, त्याला आम्ही काय म्हणतो ते इथे सांगत नाही. खाँसाहेबांचे साथीदार शमसुद्दीन खाँ जाणकारांना ठाऊक आहेत. बाकीच्या शेकडो तबकड्यांवर हात कोणाचे, हे कोण सांगणार?

आयर्लंडची एक हकिकत सांगतो. १९७० साली डब्लिनला ‘हॉर्सलिप्स’ नावाचा वाद्यवृंद उभा राहिला. जुन्या आयरिश चाली आणि विजेवरची गिटार यांचा त्यांनी मेळ घातला. एका बैलापायी पेटलेल्या युद्धाच्या प्राचीन कथेवर १९७३ साली सबंध ध्वनिमुद्रिका केली. पुढे मूळ ध्वनिफिती परक्या हाती गेल्या. कोर्टात भांडून १९९९ साली त्यांनी हक्क परत मिळवला, आणि मग ती गाणी नीट उजळून स्वतः पुन्हा बाजारात आणली. वाजवणारे हयात होते, एकत्र होते, म्हणून हे घडले.

आमच्याकडे कलावंताचा हक्क कायद्यात आला १९९४ साली, आणि मानधनातला वाटा २०१२ च्या दुरुस्तीने. तबकडीवरचा मालकी हक्क साठ वर्षांनी सरतो, म्हणून खाँसाहेबांच्या तबकड्या आज कोणीही काढू शकतो. स्वस्तात गाणे मिळते, ते चांगलेच. पण त्या साथीदारांना यातला पैसा आता पोचवता येत नाही. त्यांचे देणे नावापुरतेच उरले आहे, आणि तेही आपण थकवले आहे.

तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर तबकड्या असतील, तर भंगारवाल्याला देण्याआधी लेबलावरचा क्रमांक आणि मजकूर वहीत उतरवून घ्या. घरातल्या थोरल्यांना विचारा, तबला कोणाचा, पेटी कोणाची. मीरासाहेबांच्या उरुसात दरवर्षी गाणेबजावणे होते, तिथे जुन्या घराण्यांतली माणसे भेटतात. वही बरोबर न्या.